वनस्पतींचे विषाणू व कर्करोगाची चिकित्सा : प्रस्तावना

परभणी जिल्ह्यात ज्याने एखाद्या खरिपात तरी भेंडी लावली आहे, त्याला केवडा रोगाची ओळख पुस्तकातून करून घ्यावी लागत नाही. पेरणी होऊन महिना लोटतो, झाड गुडघ्याला लागते, आणि एके सकाळी शेंड्याकडच्या कोवळ्या पानांच्या शिरा पिवळ्या पडलेल्या दिसतात; मधला भाग तेवढा हिरवा उरलेला असतो, आणि पान उन्हासमोर धरले म्हणजे मोठ्या शिरेपासून अगदी बारीक उपशिरेपर्यंत सारे जाळे पिवळ्या रेघांनी आखून काढलेले स्पष्ट दिसते. पुढे हिरवा भागही फिकटत जातो, पाने लहान राहतात, फळे पिवळट, आखूड आणि राठ निघतात, व अशा मालाला बाजारात कोणी विचारीत नाही. एकदा रोगटलेले पान कोणत्याही फवारणीने पुन्हा हिरवे होत नाही. झाड उपटून टाकणे आणि रोगाचा प्रसार करणाऱ्या पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करणे, एवढेच शेतकऱ्याच्या हाती उरते. ज्या वर्गातील विषाणूंनी शेतकऱ्याचे असे नुकसान पिढ्यानपिढ्या केले, त्याच वर्गातील काही विषाणूंचा उपयोग माणसाच्या शरीरातील कर्करोगाच्या गाठीपर्यंत औषध पोचवण्यासाठी आणि त्या गाठीचे चित्र मिळवण्यासाठी करता येईल काय, हा या पुस्तकाचा विषय आहे.

विषय दूरच्या प्रयोगशाळांचा वाटावा आणि त्याची प्रस्तावना परभणीहून लिहिली जावी, याचे नवल करण्याचे कारण नाही. मराठी मुलखात वनस्पतींच्या विषाणूजन्य रोगांचा अभ्यास जुना आहे. मुंबई इलाख्यातील पिकांवर पडणाऱ्या अशा रोगांची कैफियत जी. एस. कुलकर्णी यांनी १९२४ सालीच प्रसिद्ध केली होती, आणि भेंडीच्या केवड्याचे विषाणूजन्य स्वरूप पुण्याचे बी. एन. उप्पल, पी. एम. वर्मा आणि एस. पी. कपूर यांनी १९४० साली सिद्ध करून दाखवले. परभणी तेव्हा निजामाच्या अमलाखाली होती. मराठवाडा मुक्त झाल्यावर १९५६ साली येथे शेतकी महाविद्यालय निघाले, १८ मे १९७२ रोजी कृषी विद्यापीठ स्थापन झाले, आणि ज्या रोगाचे निदान पुण्यात झाले होते त्यावरचा एक मोठा तोडगा परभणीच्या काळ्या जमिनीत सापडला. एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर या शास्त्रज्ञांनी आपल्या नेहमीच्या भेंडीचा संकर तिच्याच कुळातील ‘मॅनिहॉट’ या दुसऱ्या जातीशी केला. अशा दूरच्या संकराची संतती बहुधा वांझ किंवा अर्धवांझ निघते. म्हणून तिचा पुनःपुन्हा मूळ भेंडीशी संकर करीत, प्रत्येक पिढीत रोग न पडणारी झाडे निवडीत, खाण्याजोगे फळ आणि रोगाला दाद न देण्याचा गुण हे दोन्ही एकाच झाडात आणून बसवावे लागले. १९८६ साली त्यांनी या वाणाची हकीकत आंतरराष्ट्रीय नियतकालिकात दाखल केली. ‘परभणी क्रांती’ हे त्या वाणाचे नाव, आणि आमच्या गावाचे नाव देशभरच्या भाजीच्या मळ्यांत पोचवण्याचे काम या एका वाणाने जितके केले तितके अन्य कोणी क्वचितच केले असेल.

याच विद्यापीठाच्या बदनापूर केंद्राने तुरीच्या वांझ रोगाला तोंड देणारे बी. एस. एम. आर. ७३६ आणि ‘वैशाली’ हे वाण दिले. वांझ रोगात तुरीचे झाड मरत नाही. ते फिकट पानांनी गच्च भरते, दुरून पाहणाऱ्याला जोमदारही वाटते, पण त्याला फूल येत नाही व शेंग धरत नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळ्यांमार्फत तो विषाणू शेतातून शेतात जातो. हे सारे सांगण्याचा हेतू असा की विषाणू कसा ओळखावा, तो कोणाच्या पाठीवर बसून प्रवास करतो, कोणत्या झाडात वाढतो आणि कोणत्यात वाढत नाही, हे ज्ञान आमच्या शिवारात परके नाही. परभणी क्रांतीवरही पुढे केवडा दिसू लागला, हीदेखील त्याच ज्ञानातली एक महत्त्वाची नोंद आहे: विषाणू बदलतो, आणि त्याच्याशी व्यवहार करणाऱ्याने कोणताही विजय कायमचा समजू नये.

आता मूळ कथेकडे वळू. ती तंबाखूच्या पानापासून सुरू होते. हॉलंडमध्ये आडोल्फ मायर या रसायनज्ञाने १८८६ साली तंबाखूच्या पानांवर पडणाऱ्या ठिपक्याठिपक्यांच्या रोगाचे वर्णन करून दाखवले की रोगट पानाचा रस निरोगी पानात टोचला तर रोग संक्रांत होतो. रशियात इव्हानोव्स्कीने १८९२ साली तो रस जिवाणू अडवणाऱ्या चिनी मातीच्या गाळणीतून गाळला, तरी रोग कायम राहिला. आणि १८९८ साली बायेरिंकने निष्कर्ष काढला की हा जिवाणूंहून निराळा, जिवंत पेशीतच वाढणारा असा काही पदार्थ आहे. त्यानंतर सदतीस वर्षांनी अमेरिकेत वेंडेल स्टॅन्लीने त्या पदार्थाचे स्फटिक तयार केले. मिठाप्रमाणे बाटलीत भरून फडताळात ठेवता येणारी वस्तू, पानावर चोळताच पुन्हा वाढू लागते, या शोधाने त्या काळच्या विद्वानांच्या मनात जड आणि चेतन यांच्या सीमेविषयी केवढी खळबळ उडवली असेल याची कल्पना आज करता येणे अवघड आहे. स्टॅन्लीला १९४६ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे काम एका स्त्रीने केले, आणि तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिल्यावाचून मला पुढे जाववत नाही. रोझालिंड फ्रँकलिन हे नाव डी.एन.ए.च्या संदर्भात आता बऱ्याच वाचकांना ठाऊक आहे. त्या कामानंतर लंडनच्या बर्कबेक महाविद्यालयात तिने तंबाखूच्या विषाणूवर क्ष-किरण सोडून त्याची अंतर्रचना उलगडण्यास आरंभ केला. हा विषाणू ताठ दंडासारखा असतो: लांबी सुमारे ३०० नॅनोमीटर, जाडी १८ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दशलक्षांश भाग हे माप धरून केवळ अठरा. एकाच प्रकारच्या प्रथिनाचे २१३० रेणू गोलाकार जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे एकावर एक रचले जाऊन हा दंड सिद्ध होतो, आणि त्या प्रथिनांच्या वळणात आर.एन.ए.चा एकच धागा गुंतलेला असतो. फ्रँकलिन आणि तिच्या सहकाऱ्यांनी दाखवले की हा धागा दंडाच्या मध्यभागी नसून प्रथिनांच्या आत रुतलेला आहे, व दंडाच्या मध्यातून आरपार सुमारे चार नॅनोमीटर रुंदीची पोकळ नळी गेलेली आहे. १९५८ सालच्या ब्रसेल्स येथील जागतिक प्रदर्शनासाठी या विषाणूची मोठी प्रतिकृती तिच्या देखरेखीखाली तयार झाली. प्रदर्शन १७ एप्रिलला उघडले. आदल्या दिवशी, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी, अंडाशयाच्या कर्करोगाने तिचे देहावसान झाले होते. तिने शोधलेल्या त्या पोकळ नळीत आज शास्त्रज्ञ कर्करोगावरील औषधाचे रेणू बसवीत आहेत. नळीच्या आतील पृष्ठभागावर ऋण विद्युत्भार असतो. प्लॅटिनमयुक्त फेनॅन्थ्रिप्लॅटिन हे औषध धन भाराचे असल्यामुळे ते आपसूक तेथे खेचले जाते व टिकून राहते, असे अमेरिकेतील प्रयोगांत दिसून आले आहे.

औषध अशा वेष्टनात घालण्याची गरज का पडावी, हे ज्याच्या घरात रसायनोपचार घेतलेला माणूस आहे त्याला निराळे सांगायला नको. डॉक्सोरुबिसिन हे स्तनाच्या व अन्य अनेक कर्करोगांवरील जुने आणि गुणकारी औषध आहे. रंगाने ते तांबडेलाल असते, आणि शिरेतून सोडताना नळीतून उतरत जाणारा तो लाल रंग रुग्णाच्या व त्याच्या नातलगांच्या स्मरणातून सहजासहजी जात नाही. ते वेगाने विभागणाऱ्या पेशींना मारते. परंतु केसांच्या मुळातील, तोंडाच्या व आतड्याच्या अस्तरातील आणि अस्थिमज्जेतील पेशीही वेगाने विभागतात, म्हणून केस गळतात, तोंड येते, मळमळ होते, पांढऱ्या पेशी घटतात. त्यातून हृदयाच्या स्नायूला होणारी इजा अशी असते की एका माणसाला आयुष्यभरात हे औषध किती द्यावे याची एक मर्यादाच ठरवून टाकावी लागली आहे. औषध निष्प्रभ म्हणून नव्हे, ते सर्व देहभर पसरते म्हणून रुग्ण खंगतो. तेव्हा ते बंदिस्त करून गाठीपर्यंत न्यावे आणि तेथेच मोकळे करावे, हा विचार गेली पन्नास वर्षे वैद्यकात चालू आहे. चरबीच्या सूक्ष्म गोळ्या, कृत्रिम बहुवारिके, सोन्याचे व लोखंडाचे कण अशी नाना वाहने त्यासाठी तयार झाली, आणि चरबीच्या गोळ्यांत घातलेले डॉक्सोरुबिसिन प्रत्यक्ष रुग्णालयांतून वापरातही आले.

वनस्पतींच्या विषाणूंचा विचार या ठिकाणी पुढे येतो, व त्यामागील युक्तिवाद मला अत्यंत सरळ वाटतो. विषाणू हे मुळातच एक वाहन आहे. आतील आनुवंशिक द्रव्य सुरक्षितपणे एका पेशीतून दुसऱ्या पेशीत नेणे हेच त्याचे काम. हरभऱ्याच्या घाट्यातून दाणे काढून घेतले तरी घाटा आपला आकार धरून राहतो; त्याचप्रमाणे कित्येक वनस्पतिविषाणूंचे प्रथिनकवच आतील आर.एन.ए. वगळूनही अखंड रचता येते, आणि त्या रिकाम्या जागेत औषध भरता येते. हे कवच निसर्ग इतक्या काटेकोरपणे बांधतो की त्याचा प्रत्येक नग दुसऱ्यासारखाच असतो. कारखान्यात केलेल्या कृत्रिम कणांत ही एकसारखेपणाची हमी मिळणे दुष्कर. चवळीवरील मोझॅक विषाणू घ्या. नायजेरियात चवळीच्या पिकावर तो आढळल्याची नोंद १९५९ ची आहे. त्याचा व्यास सुमारे तीस नॅनोमीटर. एक मोठे आणि एक लहान अशा दोन प्रथिनांच्या प्रत्येकी साठ प्रती जुळून त्याचे वीस पृष्ठांचे कवच होते. त्या कवचाच्या बाह्य पृष्ठावर लायसिन या अमिनो आम्लाच्या अशा जागा आहेत की तेथे रंगद्रव्य, औषध किंवा गाठ ओळखणारा रेणू रासायनिक बंधाने ठरावीक ठिकाणी जोडता येतो. माणसाच्या केसाच्या जाडीत असे अडीच हजार कण ओळीने मावतील.

हा कण तयार करण्याची रीत शेतकऱ्याच्या मुलाला मुळीच अवघड वाटणार नाही, म्हणून ती थोडी जवळून पाहू. चवळीच्या कोवळ्या रोपांच्या पानांवर बारीक भुकटी भुरभुरून विषाणूचा रस हलक्या बोटाने चोळतात. भुकटीने पानाच्या त्वचेला सूक्ष्म ओरखडे पडतात आणि विषाणू आत शिरतो. आठवड्या-दीड आठवड्यात पाने चट्टेपट्टेदार होतात. ती खुडून, क्षारयुक्त द्रावणात वाटून, कापडातून गाळतात. रसातील हरितद्रव्य व अन्य प्रथिने क्लोरोफॉर्म आणि ब्यूटॅनॉल यांच्या मिश्रणाने वेगळी पडतात, वरच्या निवळ थरातून विषाणू साकळवला जातो, आणि अतिवेगाने फिरणाऱ्या यंत्रात नळी घालून काढली म्हणजे तिच्या तळाशी काचेसारखा पारदर्शक, किंचित निळसर झाक असलेला थर बसलेला दिसतो. एक किलो पानांतून सुमारे एक ग्रॅम शुद्ध विषाणू हाती येतो. तापमानाचा व आम्लतेचा चढउतार हे कण बऱ्याच प्रमाणात सोसतात. साठ अंश उष्णतेत तासभर ठेवले तरी त्यांचे कवच मोडत नाही, ही गोष्ट मराठवाड्यासारख्या उष्ण मुलखातील वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुन्हा पिकात पसरू नये म्हणून अतिनील किरणांनी किंवा फॉर्मलिनने त्यातील आर.एन.ए. निकामी करतात.

परंतु विषाणू माणसाच्या रक्तात सोडायचा, ही कल्पना ऐकताच सामान्य वाचक दचकतो, आणि त्याचे दचकणे गैर नाही. त्याला उत्तर असे की वनस्पतीचा विषाणू माणसाच्या पेशीत वाढू शकत नाही. त्याच्या वाढीची सारी यंत्रणा वनस्पतीच्या पेशीशी जुळलेली असते. याचा पुरावा आपण दररोज गिळीत असतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत निरोगी माणसांच्या विष्ठेत आढळणाऱ्या आर.एन.ए. विषाणूंत सर्वांत विपुल ठरला तो मिरचीवरील एक सौम्य ठिपक्यांचा विषाणू. आमच्या ठेच्यातून, चटणीतून आणि रश्श्यातून पिकांचे कोट्यवधी विषाणू पोटात जातात आणि माणूस त्यांच्यामुळे आजारी पडत नाही. अर्थात पोटात जाणे आणि शिरेतून रक्तात जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. रक्तात शिरलेला कोणताही परका कण पांढऱ्या पेशी ओळखतात, यकृत आणि प्लीहा त्याला गाळून घेतात, आणि पुन्हा तोच कण आला तर त्याच्याविरुद्ध तयार झालेले प्रतिपिंड त्याला वाटेतच धरतात. ही अडचण खरी आहे. कणाभोवती पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे आवरण चढवून ती कमी करण्याचे प्रयत्न चालू आहेत, पण ती पुरती सुटलेली नाही.

चित्रणाच्या बाबतीतला पहिला मोठा टप्पा २००६ सालचा. त्या वर्षी कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेच्या संशोधकांनी चवळीच्या विषाणूवर प्रकाशमान रंगद्रव्य जोडून ते उंदराच्या व कोंबडीच्या गर्भाच्या रक्तवाहिन्यांत सोडले, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत प्राण्यातील केशवाहिन्यांचे जाळे दिवसचे दिवस स्वच्छ पाहता आले. कर्करोगाची गाठ वाढते ती स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या खेचून घेऊन. म्हणून रक्तवाहिन्या पाहता येणे म्हणजे गाठीच्या उपजीविकेवर नजर ठेवता येणे. तंबाखूच्या विषाणूच्या दंडावर गॅडोलिनियम या धातूचे अनेक रेणू बसवून एम.आर.आय. चित्रातील भेद अधिक ठळक करण्याचे प्रयोगही यशस्वी झाले आहेत. एकेकटा गॅडोलिनियम रेणू जेवढे काम करतो त्याहून, सावकाश फिरणाऱ्या मोठ्या कणाला बांधलेला तोच रेणू अधिक प्रभावी ठरतो. या भागाचे रसायन पुस्तकाच्या मध्यावर सविस्तर आले आहे. ज्यांना ते जड वाटेल त्यांनी ते वगळून पुढे जावे.

आता ज्या गोष्टीने या क्षेत्राची दिशाच पालटली तिच्याकडे येतो. आरंभी सर्वांची समजूत होती की विषाणूचे कवच निव्वळ वाहक, त्यात घातलेले औषध तेवढे कार्यकारी. अमेरिकेतील निकोल स्टाइनमेट्झ आणि डार्टमथचे स्टीव्हन फायरिंग यांच्या गटांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मात्र, चवळीच्या विषाणूच्या रिकाम्या कवचांनीच, ज्यांत औषधाचा लवलेशही नव्हता, उंदरांतील गाठी रोखून धरल्या. फुप्फुसात पसरलेल्या मेलॅनोमा या काळ्या कर्करोगावर, आतड्याच्या, स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगांवर हा परिणाम दिसला. गाठ आपल्या आसपास असे वातावरण निर्माण करते की शरीराच्या संरक्षक पेशी तेथे निद्रिस्त राहतात. कवच त्या जागी पोचताच ते या पेशींना परक्या आक्रमणाची वर्दी देते, त्या जाग्या होतात, आणि मग त्यांची नजर गाठीवरही पडते. पुढे कुत्र्यांच्या तोंडातील व स्तनांतील कर्करोगांवर गाठीतच हे कण टोचून चाचण्या झाल्या व आशादायक परिणाम मिळाले. चवळीवरीलच दुसऱ्या एका विषाणूत, जो आकाराने जवळजवळ तेवढाच आहे, हा गुण तितक्या प्रमाणात आढळत नाही; तेव्हा आकारापेक्षा त्या विशिष्ट कवचातच काही विशेष असले पाहिजे. हे रहस्य पूर्णपणे उकलले गेले तर मला वाटते औषध वाहून नेण्याची मूळ कल्पनाच कदाचित गौण ठरेल.

भारतीय वाचकाला याहून जवळची वाटावी अशी हकीकत दक्षिणेकडची आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एच. एस. सावित्री आणि एम. आर. एन. मूर्ती यांनी हदग्यावरील मोझॅक विषाणू आणि रानपोपटीच्या कुळातील झाडांवरील ठिपक्यांचा विषाणू यांच्या कवचांची रचना अणूअणूपर्यंत उलगडण्यात कित्येक वर्षे घालवली. हदगा म्हणजे ज्याच्या फुलांची भाजी आपल्याकडे करतात तोच. रानपोपटी म्हणजे कागदी फुग्यासारख्या वेष्टनात लपलेले पिवळे फळ देणारी बांधावरची वनस्पती. ज्या काळात अशा संशोधनाचा उपयोग काय, असा प्रश्न सरकारी दप्तरांतून सहज विचारला जाई, त्या काळात हे काम चिकाटीने चालले होते. पुढे हदग्याच्या विषाणूच्या कवचात जिवाणूच्या एका प्रथिनाचा तुकडा जोडून, त्याला चिकटलेले प्रतिपिंड सस्तन प्राण्याच्या पेशीच्या आत पोचवून दाखवण्याचे काम याच संस्थेत झाले. तिरुपतीच्या श्री वेंकटेश्वर विद्यापीठातील एम. हेमा यांनी अमेरिकेतील गटाबरोबर २०१७ साली जे प्रसिद्ध केले ते तर आपल्या विषयाच्या अगदी मध्यावरचे आहे. पोपटीच्या विषाणूचे कवचप्रथिन जिवाणूंकडून तयार करवून घेतले असता त्याच्या १८० प्रती आपोआप एकत्र येऊन रिकामे कण होतात. त्यांत डॉक्सोरुबिसिन भरून स्तनाच्या व अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशींवर ते गुणकारी ठरल्याचे त्यांनी दाखवले. या रीतीत रोगट झाडाची गरजच उरत नाही.

रिकामे विषाणूकवच ही वैद्यकात अपरिचित वस्तू राहिलेली नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या विषाणूवरील लस म्हणजे त्या विषाणूच्या कवचातील एका प्रथिनाचे आपोआप जुळलेले पोकळ कणच होत, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या अशा लशीला २०२२ साली मान्यता मिळाली. मराठवाड्याने या रोगाच्या प्रतिबंधाला दिलेला हातभार फारसा कोणाला ठाऊक नाही. बार्शीला १९८७ साली ग्रामीण भागासाठी देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्या पायावर, नर्गिस दत्त स्मारक रुग्णालयाच्या आणि टाटा स्मारक केंद्राच्या साहाय्याने, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील ५२ ग्रामसमूहांतल्या १,३१,७४६ स्त्रियांची विभागणी करून जी पाहणी झाली, तिने २००९ साली सिद्ध केले की आयुष्यात एकदा केलेल्या विषाणूच्या तपासणीनेही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटतात. जगातील तपासणीची धोरणे बदलण्यास कारण झालेला हा पुरावा ज्वारी खुडणाऱ्या आणि तूर कापणाऱ्या आमच्या बायाबापड्यांनी दिला आहे. तो देण्यासाठी त्यांनी संकोच बाजूला ठेवून तपासणीच्या खोलीत पाऊल टाकले, याची जाणीव या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने ठेवावी असे मला वाटते.

पुस्तकाच्या वाचकाला एका आकड्याची आठवण मुद्दाम करून देतो. नॅनोकणांवरील दहा वर्षांच्या प्रयोगांचा धांडोळा घेऊन २०१६ साली असा हिशेब मांडला गेला की टोचलेल्या मात्रेपैकी मध्यक मानाने शेकडा ०.७ भागच गाठीत पोचतो. शेकडा एक भागही नाही. बाकीचे यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंड यांच्या वाट्याला जाते. गाठीच्या रक्तवाहिन्या झिरपणाऱ्या असतात, म्हणून कण आपोआप तेथे साचतील, हा जपानी शास्त्रज्ञ माएदा यांचा १९८६ चा सिद्धांत उंदरांत जेवढा खरा ठरला तेवढा माणसांत ठरत नाही. वनस्पतिविषाणूंच्या कणांनाही हा आकडा चुकलेला नाही. कण थेट गाठीत टोचण्याकडे संशोधकांचा कल वळण्याचे हेही एक कारण आहे. आज माणसाच्या कर्करोगावर वापरण्यास मान्यता मिळालेले वनस्पतिविषाणूचे एकही औषध नाही. म्हणून ज्यांच्या घरी रुग्ण आहे त्यांना माझे हात जोडून सांगणे आहे की हे पुस्तक वाचून कोणी हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागू नये. तोंडातील न भरणारी जखम, स्तनातील गाठ, अवेळी होणारा रक्तस्राव यांपैकी काहीही दिसले तर ताबडतोब बार्शी, छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबई येथील रुग्णालय गाठावे. जे उपचार सिद्ध आहेत ते वेळेवर घेतले तर पुष्कळ रुग्ण बरे होतात; उशीर हाच आमच्या भागातील कर्करोगाचा सर्वांत मोठा सहकारी आहे. तंबाखू आणि गुटखा यांच्याबद्दल निराळे लिहिण्याची गरज नसावी.

राहता राहिली एक सूचना. आमच्या बैलांना शिंगाचा कर्करोग होतो. ऐन कामाच्या वयातला बैल डोके झटकू लागतो, एका बाजूला मान कलती धरतो, शिंग मुळाशी ढिले होऊन वाकते आणि नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येतो. शिंग कापून काढणे हाच उपाय, आणि पुष्कळदा गाठ पुन्हा उगवते. त्याच जनावराच्या गाठीच्या अर्कातून लस करून टोचण्याचे प्रयत्न आपल्या देशात पूर्वी झालेले आहेत. म्हणजे प्रतिकारशक्ती जागवून हा रोग हटवण्याची कल्पना येथे नवी नाही. कुत्र्यांवर ज्या विषाणूकवचांच्या चाचण्या झाल्या, त्या शिंगाच्या कर्करोगावर का होऊ नयेत? गाठ शरीराच्या वरच्या बाजूस असते, सुई थेट तिच्यात घालता येते, परिणाम डोळ्यांनी मोजता येतो, आणि यश आले तर एका कुटुंबाची वर्षाची मशागत वाचते. परभणीत वनस्पतींच्या विषाणूंचा अर्धशतकाचा अनुभव असलेले कृषी विद्यापीठ आहे आणि त्याच गावात पशुवैद्यक महाविद्यालयही आहे. दोन्ही ठिकाणच्या तरुण अध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी हे पुस्तक वाचून एकत्र बसावे, बंगळूर आणि तिरुपतीच्या संशोधकांशी पत्रव्यवहार करावा, जैवसुरक्षेच्या समित्यांची मंजुरी रीतसर मिळवावी, आणि या कामाची तजवीज करावी, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.